देठासकट कलेजी

डॉक्टरांनी मला फसवलं. मी त्यांना फसवलं नाही. माझ्या बाजूचा माल मी दर रविवारी चोख दिला, ताजा आणि देठासकट. त्यांच्या बाजूचा माल त्यांनी दिला नाही. हे ज्यांना माहीत आहे ते मला हसतात. म्हणतात, "शेठ, ज्या माणसानं तुमचा हात वाचवला त्याच्यावर कसला राग धरून बसलात?" हात वाचवला हे मी नाकारत नाही. पण आमचा सौदा हाताचा नव्हताच.

माझं मटणाचं दुकान भद्रकालीत. येवल्याकडून आलो तेव्हा माझ्याजवळ एक सुरा होता. लाकडाचा ओंडका मी वखारवाल्याशी भांडून मिळवला, आणि रस्त्याच्या कडेला धंदा मांडला. दुकान, पाटी, काट्याची पितळी पारडी, सगळं त्यानंतरचं आणि सगळं माझं. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं. पण मी शब्द फिरवला असं म्हणणारा माणूस नाशकात सापडणार नाही.

सत्तरच्या दशकातला तो रविवार. दुकानापुढे ही गर्दी. त्या गर्दीत एक उंच, किडकिडीत माणूस हातात स्टीलचा डबा घेऊन उभा. पांढरा शर्ट, त्यावर गुलाबी ठिपके. चेहऱ्यावरून दिसत होतं की ह्याच्या घरात अंडंसुद्धा शिजत नसेल. त्याचा नंबर आला तसं तो म्हणाला, "कलेजी हवी. पण देठासकट."

"साहेब, देठ वांग्याला असतो. भाजीबाजार तिकडे."

लोक हसले. तो हसला नाही. "कलेजीलाही असतो. तुम्ही आत्ताच कापून त्या डब्यात टाकलात."

तो डबा मांजरांचा होता. हा सद्गृहस्थ खाली वाकला, त्यातून कलेजीच्या मुळाशी असतो तो चिवट तुकडा उचलला आणि रांगेतल्या लोकांदेखत बोटांवर सरळ करून मला दाखवू लागला. "ही जाड आहे ती शीर. ही तिच्याशेजारची बारीक, ती धमनी. मला ही हवी. पाठीच्या कण्याला चिकटून एक मोठी नळी जाते ना, तिथपर्यंत. आणि त्या मोठ्या नळीचाही गोल तुकडा, शर्टाच्या कॉलरसारखा, हिला लागलेला हवा."

मी म्हटलं, "आणि काजं, बटणं?"

असे आम्ही भेटलो.

मग कळलं की हे सर्जन. परदेशात काही वर्षं काढून आलेले. तिथे त्यांनी मेलेल्या माणसाचं यकृत काढून जिवंत माणसात बसवताना पाहिलं होतं. यकृत म्हणजे आपली कलेजीच. मोठ्या सर्जनच्या शेजारी उभं राहून त्यांनी स्वतः दोन-चार टाके घातले होते. आणि आता ते नाशकात हर्निया, अपेंडिक्स आणि मुतखडे काढत होते. ते काम ते नीट करत. पण चित्त तिकडे. जावईबापू जेवायला बसलेले असावेत आणि लक्ष स्टँडवरच्या गाडीकडे असावं, तसं.

त्यांचे वडील दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार, म्हणून त्यांच्या तोंडात कायम देठ, कलम, घड. यकृत बदलण्याला ते 'यकृताचं कलम' म्हणत. "शेठ, घड मण्यांना धरून उचलत नाहीत. देठाला धरतात. आणि कलम लागतं ते देठावर." हॉस्पिटलच्या वरच त्यांचं घर आणि गच्चीवर गुलाबाच्या कुंड्या. त्यात ते गुलाबाची कलमं करत आणि एकही जगत नसे. गुलाबासाठी नावाजलेल्या गावात हा माणूस गुलाब मारत होता आणि म्हणत होता की मी माणसात यकृत जगवीन. मी हे त्यांना तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "गुलाबाला धमनी नसते, शेठ. माझा काय दोष?"

माणसाकडे बघण्याची त्यांची पद्धतच वेगळी. नमस्कार करताना ते तोंडाकडे बघत नसत. समोरच्याचा हात उताणा करून कोपराच्या आतल्या बाजूला बघत आणि खूश होत. लग्नाच्या पंगतीत त्यांनी वरबापाचा हात असा धरून ठेवला होता की लोकांना वाटलं डॉक्टर भविष्य सांगतात. बोटं कधी स्वस्थ नसायची. रांगेत उभे असले की माझ्या पोत्यांच्या सुतळीला एका हाताने गाठी मारत. बारीक, घट्ट, एकावर एक. रविवारी संध्याकाळी पोती सोडायची तर मला सुरा लागायचा. दिंडोरीहून भावाच्या बागेतल्या पेट्या आल्या की हे मणी चिरत आणि पुन्हा शिवत. रस गळला नाही की टाका पास. पास झालेले मणी बशीत घालून पाहुण्यांपुढे ठेवत. डॉक्टरांच्या मिसेस, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "आमच्याकडे द्राक्षं खाताना बिया नाही, दोरे काढावे लागतात."

पण मी सौद्याचं सांगत होतो.

देठ कॉलरसकट काढायचा म्हणजे लटकवलेल्या बकऱ्यात कोपरापर्यंत हात घालून कोरायचं. रविवारच्या गर्दीत. मी विचारलं, "मला काय मिळणार?"

"जास्त पैसे देतो."

"पैसे सगळेच देतात."

त्यांनी विचार केला. "मी या कलेजीचं काय करतो ते सांगेन."

"ऐकून काय करू? दाखवा."

म्हणून मी त्यांच्या हॉस्पिटलच्या मागच्या खोलीत गेलो. टेबलावर इनॅमलचा ट्रे, ट्रेमध्ये माझी कलेजी. खिडकीच्या गजाला सलाईनची बाटली टांगलेली, त्यात लाल शाई घातलेली. बाटलीची नळी दुसऱ्या एका बकऱ्याच्या मोठ्या रक्तवाहिनीला जोडलेली. त्या वाहिनीला एक गोल भोक, आणि त्या भोकावर माझी कॉलर ठेवून डॉक्टर शिवत होते. डोळ्यांना घड्याळजीसारखं भिंग. दोरा येवल्याचा, पैठणीच्या रेशमाचा, पण तोही उकलून एकेक तंतू वेगळा केलेला. मी येवल्याचा, जन्मभर रेशीम पाहिलेलं. इतकं बारीक मला दिसलं नाही.

"कलेजीत रक्त दोन वाटांनी येतं," ते शिवता शिवता म्हणाले. "शिरेतून येतं ते आतड्याकडचं, बाजारहाट करून आलेलं. ते पुष्कळ. धमनीतून येतं ते थोडं, पण ताजं, थेट हृदयाकडचं. शीर जोडली की कलेजी फुगते, रंग येतो, बघणाऱ्याला वाटतं झालं काम. पण पित्ताच्या नळ्या असतात ना आत, त्या फक्त धमनीच्या जिवावर. धमनी तुंबली तर कलेजी वरून छान दिसते आणि काही दिवसांनी आतून सडते. शिरेनं कलेजी फुगते, शेठ. जगते धमनीनं."

पित्ताचं मला पटलं. पित्ताची पिशवी फुटली की अख्खी कलेजी कडू होते, हे आम्हालाही ठाऊक असतं.

त्यांनी धमनीवरचा चिमटा सोडला. टाक्यातून शाईची बारीक चिळकांडी उडाली ती थेट शर्टावर. तेव्हा मला त्या गुलाबी ठिपक्यांचा उलगडा झाला. नाशकात रंगपंचमीला रहाडी, म्हणजे जमिनीतले रंगाचे हौद, उघडतात आणि पुन्हा बुजवतात. डॉक्टरांची रहाड वर्षभर उघडी.

त्यांनी एक टाका वाढवला, पुन्हा चिमटा सोडला. आता गळलं नाही. शाई आत शिरली आणि कलेजी लाल झाली. मी म्हटलं, "वा!"

"वा काय? हे खोटं लाल आहे," ते चिडून म्हणाले. "मेलेल्या कलेजीत शाई ओतली. खरं लाल वेगळं. बसवताना यकृत पाण्यात राहिलेल्या बोटांसारखं फिकट असतं, गार. शीर सोडली की जांभळट होतं. मग धमनीचा चिमटा काढायचा. क्षणभर काहीच होत नाही. खोलीत कोणी श्वास घेत नाही. आणि मग विडा खाल्ल्यावर ओठ रंगतात तसं ते कडेकडेनं..." ते थांबले. भिंग काढून पुसलं. "मी ते पाहिलंय. नाशकात मी ते करणार आहे."

मी धंदेवाला आहे. समोरचा माणूस कोणत्या वस्तूवर जीव टाकून आहे हे मला लगेच कळतं, आणि मी तीच वस्तू मागतो.

"मग मला ते दाखवायचं. खरं लाल. तुमचं पहिलं कलम होईल तेव्हा."

"ऑपरेशन थिएटरात? तुम्हाला?"

"देठ हवाय का नको?"

"दाराच्या काचेतून बघा."

"काचेतून मी मिठाई बघतो. आत."

"बरं, आत. पायाशी उभे राहा."

"पायाशी उभं राहून कलेजी दिसते का? मला शिकवता? बकरा मी कापतो. डाव्या बाजूला, पोटाजवळ."

"तिथे सिस्टर असते."

"सिस्टरनी सरकावं."

शेवटी ठरलं ते असं: डावी बाजू माझी. तोंडाला फडकं. बोलायचं नाही. शिंकायचं नाही. शिंकेवर ते फार अडून बसले, मी तिथे सोडलं. त्यांनी हात पुढे केला, मी धरला आणि त्यांनी तो लगेच उताणा करून माझ्या शिरा पाहिल्या. "झकास आहेत," म्हणाले.

या पहिल्या कलमासाठी त्यांच्याकडे खरा दोरा होता. परदेशातल्या त्यांच्या गुरूनं निघताना दिलेलं एक बंद पाकीट. आत केसाहून बारीक दोरा, दोन्ही टोकांना सुई जडवलेली. तसा दोरा तेव्हा आपल्याकडे बघायलाही मिळत नव्हता. ते पाकीट वहिनींनी देवघरात ठेवलं होतं. रोज त्याला हळदकुंकू लागायचं. वहिनी म्हणायच्या, "यांच्या यकृताचा देव आहे तो. नवसाला पावेल तेव्हा पावेल."

पुढची काही वर्षं दर रविवारी मी देठ दिला. हर्नियाचे पेशंट येत राहिले, यकृत काही येईना. डॉक्टर म्हणायचे, "यंत्रं येतील. कायदा येईल. तोवर हात चालू ठेवायचा." मी म्हणायचो, "माझी जागा विसरू नका."

आता त्या दिवसाचं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. सुऱ्याचं तोंड स्वतःकडे असताना बोलायचं नाही. बोलायचं असेल तर सुरा ओंडक्यात रोवायचा आणि मग काय ते बोलायचं. एरवी माझा सुरा बाहेरच्या दिशेनं चालतो, त्यामुळे मी हवं तेवढं भांडू शकतो. पण डॉक्टरांचा तो देठ काढायचा म्हणजे डाव्या हातानं कलेजी वर उचलून धरायची आणि सुरा आपल्याकडे ओढायचा. त्या रविवारी मी तसा ओढत होतो, आणि मागून एक गिऱ्हाईक ओरडलं, "शेठ, निम्मी हाडंच घातलीत की!"

अशा बोलण्यावर कोण गप्प बसेल? मी मान वळवून त्याची हजेरी घेतली आणि सुरा निसटून माझ्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला घुसला.

रक्त मी आयुष्यभर पाहिलंय. माझं असं उडताना पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्याच क्षणी डॉक्टरांचा अंगठा त्या जखमेत होता. ते रांगेतच उभे होते, हातात डबा घेऊन. डबा खाली पडला, गडगडत गटारापर्यंत गेला.

"हात वर धर. हलू नकोस." इतकी वर्षं ते मला अहो-जाहो करत. त्या दिवशी पहिल्यांदा अरे-तुरेवर आले.

नाक्यावर एका चाचांचा टांगा उभा असायचा. लोकांनी आम्हाला दोघांना त्यात चढवलं. डॉक्टर माझ्या अंगावर वाकून अंगठा दाबून. मी विचारलं, "चाचा, भाडं काय घेणार?"

चाचांनी सांगितलं.

"इथून इथपर्यंतचे एवढे?"

"शेठ," चाचा म्हणाले, "पैले जिवंत तर ऱ्हा. मग भाव कर."

"ठरवल्याशिवाय मी बसत नाही!"

"बसलायस!" डॉक्टर ओरडले. "चाचा, हाका!"

हॉस्पिटलात पोचलो तोवर माझी बोटं चुन्यासारखी पांढरी पडली होती आणि गार. ती माझी आहेत असं वाटत नव्हतं. ज्या हातानं मी माल धरतो तो हात. सुरा उजव्यात असतो हे खरं, पण डाव्यानं धरलं नाही तर उजवा काय कापणार? हात गेला असता तर दुकान गेलं असतं, आणि पाटीवरचं नाव पुसून मी पुन्हा रस्त्याच्या कडेला. हे सगळं मला त्या टेबलावर पडल्या पडल्या दिसलं. मी रडलो नाही. मी शिव्या दिल्या.

डॉक्टर म्हणाले, "देवघरातलं पाकीट आणा."

वहिनी स्वतःच घेऊन आल्या. दारात थांबल्या. "हे? आज?"

"हो."

"आणि यकृताचं?"

"यकृत नंतर."

वहिनींनी पाकिटावरचं कुंकू पदरानं पुसलं आणि ते सिस्टरच्या हातात दिलं.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि मला समजलं की आता काय होणार आहे. मी म्हटलं, "डॉक्टर, मला झोपवायचं नाही. मला बघायचंय. सौदा आहे."

"सौदा यकृताचा आहे."

"धमनी ती धमनी! दोरा तोच! आज खरं लाल होणार ते माझ्याच हातात, आणि मी झोपू? माझी डावी बाजू..."

"बरं, बघ," ते अगदी गोड आवाजात म्हणाले. "फक्त एवढं जरा टोचतो."

जागा झालो तेव्हा हाताला बँडेज, बोटं ऊबदार, आणि शेजारी स्टुलावर चाचा चहा पीत बसलेले.

मला आवरून धरायला त्यांनाच आत घेतलं होतं. मी झोपल्यावर त्यांना बाहेर काढायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. चाचा पूर्ण वेळ आत होते. टेबलाच्या डाव्या बाजूला.

"शेठ, क्या बताऊं," चाचा म्हणाले. "डॉक्टरसायबानं चिमटा काढला ना, तर पैले काय बी नाय. डॉक्टर गप, शिस्टर गप. मी मनात म्हटलं, गेला शेठचा हात. आनि मग मनगटापासनं असं चढत गेलं, चढत गेलं... थंडीत घोडा पळवून आणला की नाकपुडी कशी आतनं लाल व्हते? तशी तुमची नखं. लय भारी, शेठ. तुमी बघायला पायजे व्हतं."

मला ताप चढला. डॉक्टर तपासायला आले तर म्हणाले, हा जखमेचा ताप नाही.

"तुम्ही फसवलंत मला," मी म्हटलं.

"तू टेबलावर पडून चाचाशी भाडं ठरवत होतास. हात हलत होता. घाई शिरेला चालते, धमनीला चालत नाही."

"चाचानं पाहिलं!"

"चाचा हलत नव्हता."

पुढे कित्येक वर्षं चाचांनी ही गोष्ट नाशिकभर सांगितली. स्टँड ते पंचवटी एवढ्या प्रवासात ती बरोबर बसायची. आणि भाडं त्यांनी मला एका पैशानंही कमी केलं नव्हतं, हेही ते शेवटी जोडायचे. लोक दुकानात येऊन माझी नखं बघायचे. माझा हात, आणि त्याच्यावर कमाई टांग्याची.

रागाच्या भरात मी काही रविवार डॉक्टरांना कलेजी देठाशिवाय दिली. ते मात्र नवा डबा घेऊन रांगेत उभे राहायचे आणि जाताना मांजरांच्या डब्यात डोकावून बघायचे. मला ते बघवेना. पुन्हा देठ द्यायला लागलो. आता मात्र सुऱ्याचं तोंड माझ्याकडे असलं की मी मुका होतो. गिऱ्हाईकं मुद्दाम तेव्हाच भाव करतात.

रिकामं पाकीट देवघरातच राहिलं. मी एकदा म्हटलं, "दुसरं मागवा की." ते म्हणाले, "बघू." देणारे गुरू तोवर गेले होते. डॉक्टर येवल्याच्या रेशमावरच हात चालवत राहिले.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला एका रविवारी मी संध्याकाळी पोती सोडायला बसलो आणि लक्षात आलं की सुरा लागत नाहीये. सुतळीच्या गाठी नुसत्या ओढल्या की सुटत होत्या. पुढच्या रविवारीही तेच. मीच त्यांच्या गाठी पुन्हा आवळून ठेवू लागलो.

मग त्यांनी हॉस्पिटल बंद केलं. लेकीकडे राहायला निघाले तेव्हा दुकानात आले, श्रावणातल्या सोमवारी, दुकान रिकामं असताना. माझा डावा हात उताणा केला, कोपराजवळचा वण पाहिला. मग माझं नख अंगठ्यानं दाबलं. पांढरं झालं. सोडलं. लाल झालं. त्यांचा अंगठा थरथरत होता.

"हे घे, खरं लाल," ते म्हणाले. "रोज बघ. सौदा फिटला?"

"हा माझाच माल आहे," मी म्हटलं. "माझाच माल मला दाखवून सौदा फेडता?"

ते हसले, इतके की खोकला आला. डोळे पुसत म्हणाले, "हरलो. तुझी जागा बाकी आहे. नाशकात होईल एक दिवस. जो करेल त्याला सांग."

त्यानंतर ते पुन्हा आले नाहीत. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं. वहिनीही गेल्या. चाचाही.

आता यकृताची कलमं होतात, आपल्या बाजूलाही होतात म्हणे. मी एका मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आलो. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "आजोबा, पेशंट कोण?" मी म्हटलं, "पेशंट कोणी नाही. मला बघायचंय. माझी जागा ठरलेली आहे." तिनं मला बसवलं, पाणी दिलं आणि घरचा फोन नंबर विचारला.

मी भ्रमिष्ट नाही. आमच्या बाजारात रीत आहे, जो दुकान पुढे चालवतो तो आधीच्या मालकाचा शब्दही चालवतो. तेव्हा डॉक्टरांच्या मागे हे काम या नाशकात जो कोणी चालवत असेल, धमनीवरचा चिमटा ज्याच्या हातात असेल, त्यानं मला उत्तर द्यावं. डाव्या बाजूची, पोटाजवळची जागा माझी आहे. तिथे कोण उभं आहे? त्याला सरकायला सांगा. फडकं मी घरून आणीन. बोलणार नाही.

शिंकणार नाही, हे मी तेव्हाच कबूल केलंय.